खंड्याचं परमिट

द्वारकाबाई शितोळे इंदूरला आमच्या कन्याशाळेत शिवण शिकवायच्या, मी इंग्रजी. १९५३ च्या जानेवारीत एक दिवस मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की मुंबईच्या जहाज कंपनीला इंग्रजीत एक पत्र लिहायचंय. मुलगा पांडुरंग नैरोबीला रेल्वेत कारकून होता. सुनेला, मंगलाला, ऑगस्टमध्ये बाळ व्हायचं होतं, म्हणून त्यानं आईला मे महिन्यात बोलावलं होतं. हे मला ठाऊक होतं. पत्रात काय लिहायचं ते विचारलं, तर म्हणाल्या, "विचारा, की जहाजावर कुत्रा घेतात का."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

कुत्र्याचं नाव खंड्या. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, साधा माळव्यातला कुत्रा. बाईंचे यजमान जयसिंगराव होळकरांच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि ते घरी बसले. वर्षभरात अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाईंना शाळा सोडणं परवडणारं नव्हतं. दिवसभर घरात जयसिंगराव आणि देपालपूरहून एका मित्रानं आणून दिलेला हा खंड्या, एवढेच असायचे. जयसिंगराव खाटेवरून पडले की खंड्या शेजारच्या सरोजिनीबाईंच्या दारावर पंजे मारायचा. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी सरोजिनीबाई आल्या तेव्हा जयसिंगराव गेलेले होते. बाई हे सगळं एकदाच बोलल्या, मला, आणि तेही पत्र लिहायला कारण हवं म्हणून.

कंपनीचं उत्तर आलं. कुत्रा पेटीत घालून डेकवर नेता येईल. गुरांच्या डॉक्टरचा दाखला हवा, नैरोबीच्या जनावर खात्याचं परमिट आधी हवं. शेवटची ओळ वाचताना मी अडखळले. प्रवासात जनावरांची देखभाल जहाजावरचा खाटीक करील, असं लिहिलं होतं.

"खाटीक?" बाईंनी विचारलं.

मी पुन्हा वाचून खात्री केली. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे हाडं तरी मिळतील त्याला."

परमिटचा अर्ज पांडुरंगनं तिथून करायचा होता. त्याचं उत्तर रागाचं होतं. इथं लोक हसतील, कुत्रा कुणाला तरी देऊन टाक आणि तू ये, असं त्यानं लिहिलं. बाईंनी उलट टपाली कळवलं की अर्ज कर, नाहीतर मी यायची नाही. दीड महिन्यानं परमिट आलं, सोबत चिठ्ठीचा चिटोराही नव्हता.

तोवर त्यांनी तयारी सुरू केली होती. सुताराकडून जाळीच्या दाराची पेटी करून घेतली. खंड्याला तीत घालून छोट्या लाइनीच्या गाडीनं इंदूरहून महूला जाऊन पाहायचं ठरवलं, मलाही बरोबर नेलं. पेटी गार्डाच्या डब्यात ठेवली. वाटेतल्या राऊपर्यंत खंड्याचा आवाज आमच्या डब्यात ऐकू येत होता. महूला गार्ड म्हणाला, "बाईजी, ये तो पूरे रस्ते रोया." दुसऱ्या दिवसापासून बाईंनी खंड्याला पेटीतच भाकरी घालायला सुरुवात केली. आधी दार उघडं ठेवून, मग लावून. पेटीत जयसिंगरावांचं जुनं धोतर अंथरलं. तीन आठवड्यांनी पुन्हा महूला गेलो, तर स्वारी आत झोपलेली.

एप्रिलच्या अखेरीस दाखला घ्यायला आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोट होती. तिकीट आलं होतं, शाळेनं निरोपसमारंभही करून टाकला होता. डॉक्टर दिनानाथ घारे यांनी खंड्याचे दात, डोळे, नाक पाहिलं. फॉर्म पुढे ओढला आणि लिहिता लिहिता विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत कुठलं कुत्रं चावलंय?"

कानामागची खपली केसांत झाकलेली होती. मला ती ठाऊक होती. बाईंनी नुसतं नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटलं.

"हो," बाई म्हणाल्या. "दहा दिवसांपूर्वी. गल्लीत बाहेरचं एक कुत्रं आलं होतं. पुन्हा दिसलं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग दाखला देता येणार नाही, म्हणाले. सुया टोचायच्या, सहा महिने बांधून ठेवायचं, लक्ष ठेवायचं. तोपर्यंत काही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. कुणी विचारायला आलं नसतं, म्हटलं. मग असंही म्हटलं की खंड्या माझ्याकडे राहू द्या, तुम्ही जा.

"इंदिराबाई, तुमच्या घरात दोन लहान मुली आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तिथं नेलं असतं तर माझ्या नातवंडाजवळच नेलं असतं ना? पिसाळला असता मग?" पुढे म्हणाल्या, "सहा महिने मलाच पाहायला हवं त्याला. दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालू?"

बोट त्यांच्याशिवाय गेली. पांडुरंगला त्यांनी सगळं खरंखरं कळवलं. त्यानं उत्तर दिलं नाही. शाळेत कुजबुज व्हायची, की नातवंडापेक्षा कुत्रं जड झालं. बाई ते ऐकायच्या आणि मुलींना काजं करायला शिकवत राहायच्या. खंड्या मागच्या अंगणात साखळीनं बांधलेला असे. त्याला पाणी देताना त्या वाडगं काठीनं पुढे सरकवायच्या. हात लावायच्या नाहीत. तो शेपूट हलवत राही. हेच त्यांना सगळ्यांत कठीण गेलं असावं, कारण एकदा तेवढ्यावरून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

ऑगस्टमध्ये तार आली, मुलगी झाली. सप्टेंबरात पत्र आलं, पण मुलाचं नव्हतं, सुनेचं. मंगलानं लिहिलं होतं, 'आई, परमिटाची मुदत संपली होती. मी बाळाला घेऊन ऑफिसात गेले आणि वाढवून आणली. तुम्ही डॉक्टरांना खरं सांगितलंत, ते ह्यांना अजून पटलेलं नाही. मला पटलं. तुमची वाट पाहते.'

बाईंनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मराठीत होतं, त्यांना सहज वाचता आलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटी घारे डॉक्टरांनी सही केली आणि स्वतः साखळी सोडली. नोव्हेंबरात खांडव्याला गाडी बदलून बाई मुंबईला आणि तिथून बोटीवर गेल्या. जहाजावरचा खाटीक रत्नागिरीकडचा निघाला. तो खंड्याला रोज डेकवर फिरवायचा, आणि बाईंना उलट्यांचा त्रास झाला तेव्हा लिंबूही त्यानंच आणून दिलं.

मोंबासाला पांडुरंग एकटाच आला होता. आईच्या पाया पडला, पण फारसं बोलला नाही. नैरोबीपर्यंतच्या रात्रीच्या गाडीत त्यानं मध्येच उठून गार्डाकडे जाऊन खंड्याला पाणी पाजलं. बाईंना हे सकाळी गार्डाच्या हातवाऱ्यांवरून कळलं. त्यांनी मुलाला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पाच वर्षं त्या तिथं राहिल्या. नातीला चालायला शिकवलं, रेल्वे क्वार्टर्समधल्या गुजराती बायकांना ब्लाउज बेतायला शिकवलं. खंड्या चौथ्या वर्षी म्हातारपणानं गेला. पांडुरंगनं क्वार्टरमागे खड्डा खणला, असं त्यांनी कळवलं. इंदूरला परतल्या तेव्हा मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला होता आणि आमच्या शाळेत शिवणाला नवी बाई आली होती. मग तुकोगंजात एका खोलीत त्यांनी मशीन मांडलं. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नातली परकर-पोलकी त्यांनीच शिवली.