स्टुलावरून उठताना

अरे धाकट्या, पत्राला उत्तर नाही, फोन उचलत नाहीस. मग तुझी गोष्ट मी चारचौघांनाच सांगते. कुठे चुकलं तर येऊन भांड.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. बत्तीस वर्षं एका खोलीच्या स्टुडिओत त्याने ओळखपत्रांचे फोटो काढले. "हनुवटी वर, ओठ बंद, हलू नका." फोटो झाला की गिऱ्हाईक सुटका झाल्यासारखं स्टुलावरून उठायचं. तेवढ्यात हा आणखी एक फोटो काढायचा, स्वतःसाठी. त्याची परवानगी आधीच घेतलेली असायची.

त्यातले वीस एका गॅलरीवाल्या बाईंना दाखवायचे ठरले. शुक्रवारी, अकरा वाजता. दहा वर्षं खेटे घालून एवढी एकच भेट मिळालेली. तेव्हापासून तो रोज ते फोटो घेऊन बसायचा. घामाचे ठसे पडू नयेत म्हणून सुती हातमोजे घालायचा, तर तेही भिजायचे.

"त्या हसल्या तर, ताई?"

"हसल्या तर बरंच. दात तरी दिसतील."

गुरुवारी दुपारी त्याने वीस फोटो माझ्या टेबलावर मांडले. एकाच्याही डोळ्यांखाली काळं नाही, तीळ नाही, सुरकुती नाही. सगळे इस्त्री करून आणल्यासारखे.

"ही कोण रे बाई?"

"ताई, तूच!"

"मी? इतकी गुळगुळीत मी कधी होते, मेल्या?"

त्याने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. भीतीपायी रोज कॉम्प्युटरवर थोडं थोडं साफ करत गेला होता. गिऱ्हाइकांचे चेहरे साफ करायची हाताला बत्तीस वर्षांची खोड, डोक्याला पत्ता नाही. मूळ फोटो शाबूत होते, म्हणून धावत जाऊन नवे छापून आणले. ते एका डब्यात भरले, सगळ्यात वर माझाच. पेन्शनच्या कार्डासाठी गेले होते, तेव्हाचा. स्टुलावरून उठताना आधार चाचपडणारी, भेदरलेली म्हातारी. मी झाकण पटकन लावलं.

शुक्रवारी पावणेअकराला आम्ही गॅलरीसमोरच्या फुटपाथवर उभे. डबा त्याने छातीशी धरलेला.

"ताई, माझ्याने रस्ता ओलांडवत नाही. तू नेऊन दे. एवढं एकच कर."

"तुझे पाय काय गहाण पडलेत?" म्हणाले, पण डबा घेतला. आणि तिथेच उभी राहिले. अकरा वाजले, साडेअकरा झाले. काचेपलीकडे त्या बाई दोनदा दाराशी येऊन गेल्या. त्याला वाटलं, ताई धडा शिकवतेय. मी तसंच वाटू दिलं.

वरचा माझा एक काढून एकोणीस नेता आले असते. तेव्हा सुचलं नाही. डबा माझ्या कपाटावर आहे, अजून नेऊन दिलेला नाही.