हाक मार, येतो

कोतवालाची दवंडी सुरू झाली की बाबाजी दोन्ही कानांत बोटं घालत आणि आमच्याकडे बघून डोळा मारत. "बहिरा झालो गा मी. हुकूम आयकू येत नाई मले. हाक मार, येतो."

एकोडीकडचं आमचं गाव, आणि हे आमचे शेजारी. सारं गाव त्यांना बाबाजीच म्हणे. असा माणूस तुमच्याही गावात असेल. कोणाचं घर शाकारायचं असो की मांडव घालायचा, हाकेसरशी भरल्या ताटावरून उठायचे. पण 'या, नाहीतर दंड' म्हटलं की संपलंच!

याचं मूळ त्यांच्या पाठीवर होतं. मोठ्या लढाईच्या वेळी गोऱ्या साहेबाला जंगलातली लाकडं हवी होती. गावोगावची माणसं बेगारीला धरून नेली. बाबाजी ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीच्या दिवसांत, पळून आले. शेतात परे, लावणीची रोपं, पिवळे पडत होते, करतील काय! पकडून चावडीसमोर फटके मारले, वर तुरुंग. सुटून येईतो परे वाळून गेले होते. ऐकताना माझं डोकं फिरायचं. हे मात्र सदरा वर करून वळ दाखवत हसत, "पाय ना, सरकारनं कशा धानाच्या बांध्या पाडून देल्या पाठीवर! फकस्त मधातले धुरे वाकडे आले."

एका पावसाळ्यात तलावाची मातीची पाळ पाझरू लागली. फुटली असती तर खालचं सगळं धान गेलं असतं. सरपंच नवा, पोरसवदा. त्यानं दवंडी दिली, घरटी एक माणूस, न येईल त्याला दंड. गाव धावलं. बाबाजी ओट्यावरच. पण त्या दिवशी कानांत बोटं नव्हती, नजर तलावाकडे होती.

"बाबाजी, तुमची बी बांधी जाईन!" मी ओरडलो.

"दंडाच्या धाकानं जाऊ? मंग तवा फटके कायले खाल्ले मी?"

मी पाळीवर जाऊन सरपंचाला दंडाच्या दवंडीवरून झापलं. बिचारा चिखलाच्या पायांनी धावत आला, हात जोडून म्हणाला, "बाबाजी, पाळ आवरत नाई. चाला ना जी!"

"हे अगोदर सांगाले का झालं होतं, लेका?" म्हातारा फावडं घेऊन आमच्या पुढे! कमरेइतक्या पाण्यात उभं राहून सगळ्यांना शिव्या घालत, हसवत त्यांनी माती टाकून घेतली. संध्याकाळी पाझर थांबला. सरपंचानं त्यांना खांद्यावर उचललं आणि दोघेही धपकन चिखलात पडले. काय हसलो आम्ही!

तेव्हापासून पाळीच्या कामाला दवंडी नाही. सरपंच दारोदार हाक मारत फिरतो. बाबाजी गेले त्या साली त्यांच्या दारापाशीही तो सवयीनं ओरडला, "बाबाजी, चाला ना जी!" आणि जीभ चावून उभा राहिला.

आतून त्यांची सून बाहेर आली. हातात बाबाजींचं फावडं.

"थांबा ना भाऊ," ती म्हणाली, "येऊन राहिली मी."