कोपराखालचा बांध

आमच्या राहनाळच्या घरात विमानाचं बिझनेस क्लासचं तिकीट आलं ते आईच्या हौसेपायी, आणि वाया गेलं ते माझ्या कोपरापायी.

आईने आयुष्यभर भाताची आवणी केली, तेव्हा डोक्यावरून विमानं जायची. एकदा वरून आपलं शेत बघायचं, एवढंच तिचं मागणं. शेत गोडाऊनवाल्याला विकून झालं होतं, पण जागा तर जागेवरच होती! म्हटलं, आईला दिल्ली दाखवू आणि येताना थाटात येऊ. ही बातमी चुलतभाऊ नामदेवला लागली. मी दुमजली बंगला बांधला तेव्हा याने तिमजली बांधलेला. (तिसऱ्या मजल्यावर आजही फक्त कबुतरं राहतात.) त्यानेही त्याच विमानाचं तिकीट काढलं आणि नेमका माझ्या शेजारी येऊन बसला. आईला खिडकीच हवी होती, ती मिळाली आमच्या पुढच्या रांगेत.

दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून आम्ही कोर्टात गेलेलो, तेव्हापासून बोलणं बंद. शेत गेलं, बांध गेला, भांडण तेवढं शिल्लक. आणि इथे आमच्यामध्ये हात टेकायला एकच रुंद पट्टी! त्याने कोपर ठेवलं. मी माझं घुसवलं. त्याने रेटलं, मी रेटलं. जेवण आलं, ते मी डाव्या हाताने जेवलो. बाथरूमला जायची सोय नाही, कारण उठलो की कब्जा गेला! हवाई सुंदरीने बिचारीने मला दुसरी सीट देऊ केली. मी म्हणालो, "मॅडम, मामला जमीन का है."

मुंबई जवळ आली. आईने सीटच्या फटीतून हाक मारली, "बाला, जरा पुढं ये ना. आपलं शेत कुठचं, मना दाखव."

आलो आलो म्हणालो आणि बसून राहिलो. तिने पुन्हा बोलावलं. मी पुन्हा आलो म्हणालो. तेवढ्यात पट्टे बांधायचा दिवा लागला आणि मी सुटलो.

विमान टेकल्यावर आई मागे वळली. आम्हा दोघांकडे बघून शांतपणे म्हणाली, "शेत काय मना वलखलं न्हाय. खाली सगला पत्राच पत्रा हाय. तुमचा बांध कुठं हाय रं त्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नामदेवलाही झालं असावं. त्याने मान खाली घालून आपला हात काढून घेतला.

मी लगेच माझं कोपर ऐसपैस पसरलं.