झाकेचे पाच रुपये

घासून लख्ख केलेली चांदी पाहिली की आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर अण्णा अक्षरशः कळवळत. दिवाळीच्या तोंडावर घरोघर चांदीची भांडी रिठ्याच्या पाण्यात पडत, तेव्हा अण्णा घरात थांबतच नसत. वहिनींचा हात कुठवर पोचेल याचा भरवसा नव्हता. म्हणून नाण्यांच्या पेटीला कुलूप लावायचं, किल्ली जानव्याला बांधायची आणि सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसायचं, असा त्यांचा शिरस्ता. "घासायला अक्कल लागत नाही हो," ते म्हणत, "काळं पडू द्यायला लागते."

जुन्या नाण्यांचा नाद असलेली माणसं त्या काळी सोलापुरात आणखीही होती. पण नाणं कुठल्या राजाचं, किती जुनं, हे अण्णा मागाहून पाहत. वर्षानुवर्षं कागदात पडून चांदीवर जी झाक चढते, कुठे तपकिरी, कुठे मोरपिशी, तिच्यावर त्यांचा जीव. सकाळच्या उजेडात खिडकीशी उभे राहून ते नाणं तिरकं करून बघत आणि आपल्याशीच हसत. मी एकदा नाण्याच्या मधोमध बोट टेकवलं तर केवढ्यांदा ओरडले! "सायन्स, कडेनं! नाणं कडेनं धरायचं, पोरगं कानानं!" मी नवा कोरा बी.एस्सी., शास्त्र शिकवायला लागलेलो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला 'सायन्स' करून टाकलं आणि माझं खरं नाव शाळा विसरून गेली.

सराफ बाजारात सगळे त्यांना ओळखत, पण त्यांचं खूळ काही कुणाला उमगलं नव्हतं. एका सराफानं एकदा त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. "मास्तर, तुमच्यासाटी जपून ठेवलंय की! लई काळं झालं हुतं, सोता बसून घासलंय बघा." अण्णा दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. सराफाला वाटलं ऊन लागलं. त्यानं पाणी मागवलं. अण्णा पाणी प्यायले आणि त्यांनी ते चकचकीत नाणंही विकत घेतलं. परत येताना मी चिडवलं, तर म्हणाले, "त्यानं प्रेमानं घासलंय. त्याला काय तोंडावर सांगायचं, तू वाटोळं केलंस म्हणून?"

मग तो लिलाव आला. नव्या पेठेतले एक म्हातारे डॉक्टर वारले आणि मुंबईच्या वारसांनी घरातलं सामान अंगणात मांडून विकायला काढलं. खुर्च्या, घड्याळं, पितळी समया आणि एका डबीत पाच राणीछाप रुपये. अण्णांनी डबी उन्हात नेली. मधे निळा, कडेला जांभळा, असा रंग मीही कधी पाहिला नव्हता. "कडेला जांभळाच आहे ना, सायन्स?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. बोली सुरू झाली. बार्शीचे एक वकील नाणी जमवत. तेही आले होते. आमचे अण्णा चहासुद्धा निम्मा कप घेणारे. पण त्या दिवशी वकील एक पाऊल टाकत आणि अण्णा दोन. 'तीन वार' झालं तेव्हा घामानं त्यांची टोपी भिजली होती, आणि रकमेत माझे तीन पगार बसले असते.

परतताना टांग्यात ते बसले होते राजासारखे. आणि मला दुर्बुद्धी सुचली. ज्ञान पाजळायची खाज, दुसरं काय! मी म्हणालो, "अण्णा, गंधकाची वाफ दिली की चांदीवर अशीच झाक येते. आपल्या गंधकी रंगांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची जोडवी बघा, आठ दिवसांत निळी होतात." अण्णांनी हातातली डबी खिशात घातली. घर येईपर्यंत त्यांचा हात खिशावरच होता.

त्यांची झोप उडाली. रोज मधल्या सुट्टीत एकच घोर. "रंग जरा जास्तच देखणा आहे, नाही?" मी म्हटलं, एकाला रिठ्याचं पाणी लावून बघू, वरवरची असेल तर निघेल. "आणि खरी असली तर?" त्यांनी विचारलं. खरी झाकही धुण्यानं खराब झाली असती, म्हणून तो विषय त्यांनी तिथंच मिटवला.

एके दिवशी वहिनींनी मला दारातच गाठलं. "भावजी, डोळ्यांचे पैसे होते हो ते. मोतीबिंदू वाढलाय. मिरजेला जायचं ठरलं होतं. दिसंना झालंय त्यांना, आणि शाळेत कळलं तर नोकरी जाईल म्हणून सांगंनात कुणाला." अंगणात त्यांनी मला दोनदा का विचारलं होतं, ते आत्ता कळलं. त्यांनी माझ्या डोळ्यांवर विसंबून बोली लावली होती, आणि मीच त्यांच्या मनात किडा सोडला होता.

सुदैवानं बार्शीचे वकील स्वतःहून आले. लिलावाची रक्कम द्यायला तयार होते. मी सुटकेचा श्वास घेतला. अण्णांनी पाचही नाणी समोर मांडली आणि म्हणाले, "घ्या, पण एक सांगतो. झाक गंधकाची असू शकते. मला खात्री नाही." वकिलांनी नाणी खाली ठेवली. मी आतल्या आत चरफडलो. "सांगायची काय गरज होती?" मी नंतर विचारलं. "अहो, शंका माझी आहे. ती त्यांच्या गळ्यात कशी बांधू?"

शेवटी त्यांनी वकिलांना आपली पेटी विकली. तीस वर्षांत एकेक करून जमवलेली, खात्रीची, सगळी नाणी. राहिले फक्त ते पाच रुपये, कारण तेवढेच त्यांना विकता येत नव्हते. मिरजेचं ऑपरेशन झालं, नोकरी टिकली. जाड काचांचा चष्मा लावून ते पहिल्या दिवशी खिडकीशी उभे राहिले, पाचही रुपये उजेडात फिरवून फिरवून पाहिले. "काय निळा दिसतो हो आता!" म्हणाले. मग डबी मिटून माझ्याकडे वळले. "सायन्स, तुमचं बरोबर होतं. गंधकच." मला केवढं हायसं वाटलं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

माझी पुण्याला बदली झाली, तेव्हा त्यातला एक रुपया त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी नको नको म्हणत होतो. "घ्या हो, खोटाच तर आहे. खरा असता तर दिला असता का?"

अण्णा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी नाण्यांचे एक जाणकार माझ्या घरी आले होते. मी तो रुपया गंमत म्हणून त्यांना दाखवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला. "गंधकाच्या धुराची झाक वरवर बसते. ही अक्षरांच्या खाचांत शिरली आहे. पन्नास वर्षं तरी कागदात असणार. अस्सल आहे. जो कुणी जाणता असेल, त्याला भिंगाशिवायही कळेल."

अण्णा चष्मा लावून खिडकीशी उभे होते. त्यांना कळलं नसेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. उभ्या जन्माचा संग्रह माझ्या एका वाक्यापायी गेला, हे मला कळू नये म्हणून त्या माणसानं स्वतःचा डोळा खोटा ठरवला.