भुऱ्याची भाकरी

भुतंखेतं, झपाटणं, अंगात येणं... या गोष्टींचा मला पहिल्यापासून तिटकारा. कोणी सांगायला बसलं की मी उठून कामाला लागते. त्यामुळे हे नेमकं माझ्याच वाट्याला का यावं, याचा राग अजून गेलेला नाही.

लढाईचे दिवस होते. नंदुरबार तालुक्यातलं कोरीट हे माझं सासर. यजमान नवापूरला रेल्वेत, सुट्टी मिळाली तर घरी. सासूबाई वारलेल्या. घरात मी आणि सासरे—आबा. आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. सगळे निरोप सासूमार्फत. सासूच नसली तर काय करायचं, हे कोणी सांगून ठेवलं नव्हतं! सासूबाई गेल्यापासून आबांनी जेवण जवळजवळ टाकलं होतं, आणि मला साधं 'जेवा' म्हणायची सोय नव्हती.

त्यात हा भुऱ्या आला. गावातलाच कुत्रा, मातकट रंगाचा, एक कान फाटका. सारवलेल्या ओट्यावर लोळायचा, वाळवण तुडवायचा, पिसवांचं तर विचारूच नका. आबा त्याला हाकलत नव्हते आणि मला आबांना सांगता येत नव्हतं. मग मी कुत्र्यालाच फैलावर घ्यायचे. एकदा अशीच ओरडले, "भुऱ्या, तुन्हा मालकले सांग, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!"

ओट्यावरून आबांचं उत्तर आलं, "भुऱ्या, तिले सांग, येस म्हना." येतो म्हणे!

झालं! त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं भुऱ्यामार्फत. तो मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचा. "तिले सांग, दायमा मीठ जास्ती शे." "त्यासले सांग, उद्या कमी टाकसू." मेल्याचे नखरेही होते. आबांनी पहिला घास घेतल्याशिवाय स्वतःच्या भाकरीला शिवायचा नाही, आणि करपलेली कड तशीच टाकायचा. आबा हसायचे, "मी खास, मंग तू खाय." असे त्याच्यासाठी जेवायला लागले. खरं सांगते, त्या घरात मला करमायला लागलं ते त्या कुत्र्यामुळे.

उन्हाळ्यात भुऱ्याला साप चावला. आबांनी त्याला शेताच्या बांधावर पुरलं, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि पुन्हा ताट तसंच परत यायला लागलं. माणूस डोळ्यांदेखत खंगत होता. एका दुपारी माझा तोल गेला. भुऱ्याची भाकरी हाताच्या सवयीने झालीच होती, ती त्याच्या जागेवर आपटली आणि त्या रिकाम्या जागेलाच म्हटलं, "भुऱ्या, सांग त्यासले! उपाशी मरीसनी काय भेटनार शे?"

आबा पाटावर येऊन बसले. मग म्हणाले, "तिले सांग, वाढ म्हना." त्यांनी पहिला घास घेतला. मी चुलीत फुंकर घालायला वळले, परत बघते तर... भाकरी नाही. करपलेली कड तेवढी उरलेली.

कावळा असेल, शेजारचं कुत्रं असेल. दुसऱ्या दिवशी दोन्ही दारं लावली. तेच! आबांनी खाल्ली म्हणावं, तर त्यांना दात नव्हते, ते दाळीत कुस्करून खायचे. शेजारची जाऊबाई विचारायची, "येडी व्हयनी का तू? कोनासंगे बोली ऱ्हायनी?" काय सांगणार, कपाळ! जिवंत कुत्रं निदान शेपूट तरी हलवतं. हा नुसताच आयता खात होता. पण आबा जेवत होते, म्हणून मी वर्षानुवर्षं थापत राहिले.

थंडीतल्या एका दुपारी आबा जेवायला उठले नाहीत. मी भुऱ्याला सांगितलं. पुन्हा सांगितलं. शेवटी रीतभात गेली चुलीत म्हणून पहिल्यांदा थेट हाक मारली, "आबा, उठा ना... जेवाले उठा."

ते गेले होते. भाकरी संध्याकाळपर्यंत अख्खी पडून होती, तिला मुंग्या लागल्या. सुतक फिटून चूल पेटल्यावर मी पुन्हा भाकरी ठेवून पाहिली, हाकाही मारल्या. कोणी शिवलं नाही.

हे काय होतं, मला अजून सांगता येत नाही. त्यांचं त्यांना ठाऊक. माझा राग एवढाच, की इतकी वर्षं मधे भाकरी ठेवून आम्ही तिघं बोललो, आणि जाताना त्या दोघांनी माझ्यासाठी एक निरोप ठेवला नाही.