पौषात पाणी कुठून चढणार?

शके सतराशे सात. मी सत्तावीस वर्षांचा. त्या दसऱ्याला मला पालखीचा पुढचा दांडा मिळाला आणि पौषात तो हातचा जायची पाळी आली. तीही फिरंग्याच्या मुलखात, समुद्राच्या काठी, चांगली मौज चालू असताना.

लिहिणं माझं बेताचं. पंतोजींकडे दोन पावसाळे गेलो. तिसऱ्यात त्यांनी कान पिळला तो शेवटचा, पुन्हा त्यांची पायरी चढलो नाही. तेव्हा ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ काढायचं असेल त्यांनी आपल्या घरी काढावं.

पुढच्या दांड्याचं आधी सांगतो, नाहीतर बाकीचं वाचून उपयोग नाही. मागच्या भोयांना पालखीच्या आड काही दिसत नसतं. वाट बघायची ती पुढच्यानं. तो "डावा दगड" म्हणाला की मागचे डावीकडे जपतात, "चढण आली" म्हणाला की खांदा सावरतात. आतल्या माणसाचा जीव पुढच्याच्या डोळ्यांवर आणि मागच्यांचे पाय त्याच्या शब्दावर. माझ्या वडिलांनी तो दांडा बावीस वर्षं वाहिला. मला मिळाला तेव्हा नारायण पेठेतले दोनचार म्हातारे म्हणाले, "पोरगं अजून हिरवं आहे." कोण म्हणाले ते मला पक्कं आठवतं. आता ते नाहीत, मी आहे.

आमचे धनी वकील. दरबाराचं बोलणं परमुलखात जाऊन करायचं हे त्यांचं काम. फिरंग्यांशी काही बोलायचं निघालं म्हणून आम्ही सहा भोई त्यांना घेऊन घाट उतरलो. सहांपैकी दोघे वाटेत घेतलेले, ते आपल्यातच असायचे. माझे जिवाचे सोबती तिघे. माझा मेव्हणा खाण्यात पुढे, एक धायरीकर बोलण्यात पुढे, आणि आमचे काका, म्हणजे सगळ्यांचेच काका, पन्नाशीचे, ते झोपण्यात पुढे. सोळाव्या दिवशी समुद्र दिसला. धायरीकर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आयला, पलीकडचा काठच न्हाई की ह्याला."

"असंल," काका म्हणाले. "बघून दमल्यावर दिसंल."

एका व्यापाऱ्याच्या घरी उतरलो, माडांच्या बागेत. तिथून फिरंग्यांची होडी रोज सकाळी धन्यांना खाडीपलीकडे शहरात न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. पालखीला कामच नाही. त्यात फिरंग्यांचा नाताळ आला, घंटा वाजायला लागल्या आणि बोलणी रेंगाळली. आम्हाला हुकूम एवढाच, "पालखी जपा."

पुण्यात त्या दिवसांत मुठेत पाय घातला तर नडगीपर्यंत कळ जाते. इथे पौषात उघड्या अंगानं हिंडायचं. बांगडे भाजायचे, उकड्या तांदळाचा भात, वर कोकमाचं सार. आम्ही भोई, नदीचे मासे खाऊनच वाढलेले, पण बांगडा तो बांगडा. मेव्हण्यानं एका बैठकीत अकरा खाल्ले आणि म्हणाला, "दाजी, आक्काला सांगू नका." दुपारी माडाखाली पडायचं, संध्याकाळी माडी प्यायची आणि सूर्य पाण्यात बुडताना बघायचा. काकांनी तर पहिल्या दिवशी ते मानलंच नाही. "डोंगराशिवाय सूर्य मावळतोय कसला," म्हणाले. समुद्र कधी जवळ वाटायचा, कधी लांब, पण तो आम्ही माडीचा गुण समजत होतो.

मुक्कामाच्या सहाव्या दिवशी सकाळी पालखी झाडूनपुसून उन्हात ठेवली होती. धायरीकरानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"जलमभर वाह्यली. आत कसं लागतं ते ठावं हाय का कुणाला?"

कुणालाच नव्हतं. पुण्यात पालखीत बसायचं तर दरबारानं मान द्यावा लागतो. आमच्यापैकी कोणी आत बसलेला दिसला असता तर पाठीवर कोरडे ओढले असते. पण इथे पुणं कुठे होतं? काकांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, "माडांशिवाय कोणी न्हाई," म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसले.

समुद्र तेव्हा लांब गेलेला होता. वरची कोरडी वाळू पाय गिळायची, खालची ओली मात्र फरशीसारखी टणक. तिथे नेऊन एकेकाला फिरवलं. काका पन्नास पावलांत झोपले. धायरीकरानं वाटेतल्या खेकड्यांचे मुजरे घेतले आणि एकाला गाव इनाम दिलं. मग माझी पाळी. खरं सांगतो, आत काही फार बरं लागत नाही, पोटात ढवळतं. पण तसं मी तेव्हा कबूल केलं नाही. लोडाला टेकलो, हात बाहेर काढला आणि म्हणालो, "सावकाश चला रे, हलतंय."

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "हेच धनी म्हणतात तेव्हा तुम्ही दात-ओठ खाता."

भूक लागली तशी पालखी तिथेच टणक वाळूवर ठेवली. पुन्हा त्या रुतणाऱ्या वाळूतून वर न्यायचा मला कंटाळा आला. जवळच एक म्हातारी कोळीण शिंपल्या वेचत होती. ती ओरडली, "थंय दवरूं नाकात रे! उदक येतलें!"

तिची बोली मला निम्मी कळायची, पण पालखी तिथे ठेवू नका, पाणी येईल, एवढं कळलं. मी वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

"आजीबाई," मी म्हणालो, "मी मुठेकाठचा भोई आहे. वर पाऊस झाल्याशिवाय खाली पाणी चढत नाही. पौषात पाणी कुठून चढणार?"

ती हसली. दात फार नव्हते, होते तेवढे सगळे दाखवले, आणि टोपली डोक्यावर घेऊन चालती झाली.

"दाजी, बाई इथली आहे," मेव्हणा हळूच म्हणाला.

"पाणी सगळीकडचं सारखंच," मी म्हणालो. पुढच्याचा शब्द! सगळे माझ्या मागून जेवायला आले. जेवलो आणि आडवे झालो.

जाग आली ती काकांमुळे. काका आपण होऊन उठतात म्हणजे काहीतरी घडलेलं असतं.

"पालखी चालली," ते म्हणाले.

खरंच चालली होती, भोयांवाचून. वर घातलेली लाल लोकरी सकलाद फुगलेली, गोंडे पाण्यावर पसरलेले, दांडा एकदा वर, एकदा खाली. आम्ही सहाही जण धावलो. पोहण्यात आम्ही कमी नाही, पण मुठा काही तोंडात थपडा मारत नाही. ओढत, लोटत, खारं पाणी पीत एकदाची वर आणली. लोड मात्र एकटाच पश्चिमेला निघाला होता, त्याला कोण अडवणार? आणि तिथे छातीभर पाण्यातच मला कळलं की दसऱ्याला मिळालेला मान माझ्या हातून गेला. पेठेतले ते म्हातारे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. हसत होते.

ऊन कलेपर्यंत सकलादीवर मिठाचे पांढरे चट्टे उठले. धायरीकर म्हणाला, "माकडांनी केलं म्हणून सांगू." मेव्हणा म्हणाला, "माकडं मीठ कुठून आणतील?" एवढ्यात होडी लागली आणि धनी आले. त्यांनी पालखीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं.

"आज पर्वणी होती वाटतं. पालखीला समुद्रस्नान घडलं."

त्यांनी बोट उपरण्याला पुसलं.

"तिथे ठेवली कोणी?"

"महाराज, आम्ही सगळ्यांनीच..." मेव्हण्यानं सुरुवात केली.

"कोणी, असं विचारलं मी."

"मी," मी म्हणालो.

"पाणी येतं हे कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं."

"मग?"

"ऐकलं नाही."

पुण्याचा माणूस ओरडत नाही, त्यापेक्षा ओरडलेला बरा. "पुढं काय आहे ते बघण्यासाठी तुला पुढं ठेवलंय," ते म्हणाले. "उद्या मला कड्यापलीकडच्या गावी जायचं आहे. वाट किनाऱ्यानं. पाणी असलं की कड्याखाली वाट बंद होते, एवढं मला होडीवाल्यानं सांगितलं. केव्हा निघायचं ते तू सांग. बरोबर निघालं तर दांडा तुझा. चुकलास तर तिथूनच मागच्या दांड्याला जायचं, आणि पुण्यापर्यंत मागेच."

आत कोण बसलं होतं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

"त्यात काय अवघड?" धायरीकर नंतर म्हणाला. "आज दिस चार घटका वर आला तवा कड्याखालनं बाया चालल्या हुत्या. मी बघितलंय. उद्या बी तवाच सांग." मलाही ते सोपं वाटलं. सोपं वाटलं म्हणूनच धास्ती वाटली. सकाळी वाळूवर पालखी ठेवतानाही सोपंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, कोणाला न सांगता, मी त्या म्हातारीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती चूल फुंकत होती.

"आयलो मरे पुणेकार!" ती म्हणाली. "आज पावस ना. उदक कशें येतलें?"

पाऊस नसताना पाणी कसं येईल, हे माझंच कालचं बोलणं तिनं परत केलं. मी मान खाली घातली. तोवर जन्मात कोणाला वाट विचारली नव्हती, लोक मला विचारायचे. "आजीबाई, कड्याखालची वाट कधी मोकळी होईल?" तिनं ते मला दुसऱ्यांदा मोठ्यानं विचारायला लावलं, आतल्या सुनेलाही ऐकू जावं म्हणून. मग बोटांवर मोजून दाखवलं. काल चार घटका, तर आज सहा. चंद्र रोज जसा उशिरा उगवतो तसं पाणीही रोज दोन घटका मागे पडतं.

मी जाऊन कड्याशी उभा राहिलो. चार घटका झाल्या तेव्हा तिथे गुडघाभर पाणी होतं. मेव्हणा धापा टाकत आला. "दाजी, धनी विचारतायत, निघायचं का?"

"नाही."

"अहो, काल या वेळी..."

"नाही म्हणून सांग."

धनी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. सहाव्या घटकेला एक लाट कड्याच्या पायाला लागून गेली, आणि पुढची तिथवर पोचलीच नाही. मी वर जाऊन म्हणालो, "निघावं, महाराज." पालखी अजून दमट होती, नेहमीपेक्षा जड. मी पुढच्या दांड्याला खांदा घातला आणि कोरड्या पायांनी कडा ओलांडला.