ट्रेबल किती ठेवायचा

वाळूजच्या एका कारखान्यात मी लेथवर होतो आणि पाळी संपली की बजाजनगरातल्या पत्र्याच्या खोलीत गिटार वाजवायचो. आमचा ऑर्केस्ट्रा चौघांचा. गाणारा शहरातला, कारखान्यात पेंटर. अकॉर्डियनवाला माझ्याच गावचा, देवगाव रंगारीचा. घरी बागायत, नोकरी स्टोअरमध्ये. बोंगो वाजवणारा एक अबोल वेल्डर. आणि मी, धनगराघरचा. हळद असो नाहीतर गणपती, सिनेमाची गाणी वाजवायला आम्ही कुठंही जायचो.

औरंगपुऱ्यातून ॲम्प्लिफायर आणला तेव्हा रिक्षात मी त्याला मिठी मारून बसलो होतो. त्याला तीन बटणं होती: खर्जाचा बास, वरच्या सुरांचा ट्रेबल आणि घुमणारा एको. त्या तीन बटणांनी आमची शांतता घालवली.

अकॉर्डियनवाल्याला ट्रेबल पूर्ण उघडा हवा असायचा. "रेकॉर्डवर गिटार कशी टोकदार वाजती? तसंच पायजे."

गायक म्हणायचा, "अबे, गिटार आहे का दाढीचं ब्लेड? कानात चुभतंय. बास दे थोडा."

मला स्वतःला एको आवडायचा. एको भरपूर सोडला की चुकलेला सूरसुद्धा मुद्दाम लावल्यासारखा वाटतो. पण मला कुणी विचारत नव्हतं.

भांडणाचं मूळ बटणात नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहर तापलेलं होतं. गायक एकही मोर्चा चुकवायचा नाही. अकॉर्डियनवाल्याच्या घरी सगळे नामांतराच्या विरोधात. खोलीत या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, असं आमचं ठरलेलं. दोघांनी ते पाळलं. पण एका संध्याकाळी ट्रेबलवरून जुंपली आणि गायक म्हणाला, "तुम्हा लोकांना जे हाय ते तसंच ठेवायचं असतं."

"आणि तुमाला चांगलं चाललेलं बदलायचंच असतं," अकॉर्डियनवाला म्हणाला.

दोघंही बटणाकडं बघत होते. वेल्डरनं बोंगो कापडात गुंडाळले आणि "चहा सांगून येतो" म्हणून बाहेर पडला. तो दुसऱ्या दिवशी आला.

त्यातच अकॉर्डियनवाल्याच्या चुलतभावाचं लग्न निघालं आणि देवगावात हळदीचा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी शहरात मोठा मोर्चा होता. निघायच्या वेळी गायकानं तोंड उघडलं तर किसणीवर खोबरं घासल्यासारखा आवाज आला.

अकॉर्डियनवाल्यानं विचारलं, "किती घोषणा दिल्या?"

"जितनी लगी उतनी."

अकॉर्डियनवाल्यानं पिशवीतून ज्येष्ठमधाची काडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "चघळ. आणि गाव येईपर्यंत बोलू नको."

गावात घरामागच्या शेतात स्टेज घातलं होतं. शेजारच्याच रानात माझ्या मामाची मेंढरं बसवलेली होती, जमिनीला खत मिळावं म्हणून. मेंढ्या जाळ्याच्या कुंपणात आणि कोकरं वेगळी, पलीकडं. दिवस मावळायला आला होता. अकॉर्डियनवाल्यानं माझ्या ॲम्पचा ट्रेबल स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत फिरवला. "ह्याचा गळा बसलाय. गिटारनं झाकू."

मी पहिला तुकडा वाजवला. वरच्या तारेवर सूर ओढून धरला, आणि कुंपणातली एक मेंढी ओरडली. मी पुन्हा ओढला. या वेळी पाच-पन्नास ओरडल्या. पलीकडून कोकरांनी साथ धरली. मंडपातली बायामाणसं पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी थांबलो तरी मेंढ्या थांबेनात.

मामा काठी घेऊन माणसांतून वाट काढत थेट स्टेजपुढं आला. "भाच्या, कोकराला काय करायलास?"

"मामा, ही गिटार हाय."

"मग ते माझ्या मेंढ्यांना सांग. जाळं तोडून येत्याल त्या. जरा खाली घे."

तो कुंपणाकडं तोंड करून हात वर धरून उभा राहिला. मी सूर वाजवायचा, ट्रेबल थोडा कमी करायचा, मामा हात हलवून "आणखी" म्हणायचा. हळद लागलेला नवरदेवही मान वळवून बघत होता. शेवटी मेंढ्या गप्प झाल्या. मामानं हात खाली घेतला. "हां. आता वाजीव."

आवाज गोल झाला होता, जरासा घोगरा. गायकानं त्याच्यावर आपला बसलेला गळा टेकवला आणि दोन्ही एकमेकांत मिसळले. विरहाचं गाणं होतं. मंडप एकदम शांत झाला. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरगं लई मनातून गातंय."

"मनातून नाय आजी, मोर्च्यातून," गायक पुटपुटला. माईक चालू होता. साऱ्या गावानं ऐकलं.

पहिल्या रांगेत अकॉर्डियनवाल्याचे चुलते बसले होते, नवरदेवाचे वडील. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अकॉर्डियनवाल्यानं कुणाकडं न बघता पुढचं गाणं सुरू केलं, तेही ठरल्यापेक्षा दुप्पट लयीत. वेल्डरची पळता भुई थोडी झाली.

जेवणाच्या वेळी ओसरीत पंगत बसली. गायक पायरीशीच घुटमळला. इथं कुठं बसायचं हा प्रश्न त्याला नवा नव्हता, आणि मलाही नव्हता. अकॉर्डियनवाला ताटावर बसलेला उठला, त्याच्या दंडाला धरून आत घेऊन आला आणि शेजारी बसवलं. चुलते वाढपावर लक्ष ठेवत उभे होते. त्यांनी हे बघितलं. मग वाढणाऱ्याला म्हणाले, "गाणाऱ्याला तूप वाढ. गळा बसलाय त्याचा."

सकाळी टेम्पोनं परत निघालो. वेरूळचा घाट चढता चढता ते दोघं पहिल्यांदा नामांतरावर उघड भांडले, नाव घेऊन, मुद्द्याला मुद्दा लावून. वाळूज आलं तेव्हा कुणाचंच कुणाला पटलेलं नव्हतं आणि दोघांचेही गळे बसले होते. पुढचा आठवडाभर आम्ही नुसतीच वाद्यं वाजवली.